शॉवरच्या भिंतीतला दणका

आज प्लंबरनं शॉवर झटकन बंद केला आणि भिंतीत धाडकन दणका बसला. "पाणी एकदम अडलं की सैल पाइप आदळतो, अक्का," तो म्हणाला. मी मात्र बसवकल्याणच्या या सासरातल्या माझ्या पहिल्या सकाळीत पोचले होते.

सातवीतच शाळा सुटलेली, माहेर लांब साताऱ्याकडं, शॉवर कधी पाहिलेला न्हाई. साबण लावायला तो बंद केला आणि हाच दणका झाला. नवं न्हाणीघर मी फोडलं, आता माहेरी धाडतील, म्हणून मी दाराच्या फटीला डोळा लावला.

बाहेर सासरे ओरडले, "कोण भिंत फोडायलंय?"

"मीच नळ जोरात फिरवला. कामून ओरडायलाव?" दाराशी उभ्या सासूबाई म्हणाल्या.

फटीतून मला त्यांचं कोरडं लुगडं दिसत होतं. ते सासऱ्यांनाही दिसलं असणार, हे आज कळतंय. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हळू फिरवत जा."