हलगीच्या चालीचा मालक

कागद जळल्याचा वास आला की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राजवळची ती दुपार आठवते. कामगारांवरच्या आमच्या पॉडकास्टला सुरुवातीचं संगीत हवं होतं आणि सिनेमाचं गाणं चोरायचं नाही, यावर मी अडून होते. म्हणून आमच्या पॉडकास्टचीच उरलेली पत्रकं पेटवून हलगीचं कातडं तापवून ताणणाऱ्या एका म्हाताऱ्या वादकाचं वाजवणं आम्ही मोबाइलवर घेतलं. “लोकसंगीत कुणाच्याच मालकीचं नसतं, बिनधास्त वापरू,” मी मैत्रिणीला म्हणाले. “कुणाचं नाय कसं, ताई?” वादक म्हणाले. “ही चाल माझ्या बापानं बसवली.” “कशी?” मी विचारलं. “ड्युटीवरून येताना, सायकलच्या पायडलच्या ठेक्यावर.” मी शरमून परवानगीचा कागद लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला. “यात बापाचं नाव कुठंय?” आता आमचा प्रत्येक भाग त्या नावानं सुरू होतो, हलगी त्यानंतर वाजते.