मामाचं खरं नाव

“हा कोनाचा? करते काय? अन् याले बोलावलं कोनी?” चहाचा ग्लास कीबोर्डशेजारी ठेवून आमच्या ऑफिसातला भाऊ विचारायचा. तुम्हाला वाटेल, दारात कोणी पाहुणा आलाय. पाहुणा कसला, फंक्शन असायचं.

मूल गावात, राइस मिलसमोर आमचं इवलंसं ऑफिस. नाटकं लिहिणाऱ्यांसाठी आम्ही मराठी एडिटर, म्हणजे लिहायचं सॉफ्टवेअर, बनवत होतो. फंक्शन म्हणजे त्याच्या कोडमधले कामकरी; एक ओळ शोधतो, एक अक्षर जाड करतो. आम्ही त्यांना काम१, काम२, काम२नवीन म्हणायचो. भाऊला याचा भयंकर राग. “गावात बैलालेही नाव रायते,” तो म्हणायचा. “लाज वाटू द्या थोडी.”

मग तो स्वतःच बारशाला बसायचा. ओळ_शोध, जोडाक्षर_सांभाळ. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या बोलीत माहिती: ‘हा फक्त शेवटची ओळ पुसते. घाईत रायते, भरोसा ठेवू नका.’ किंवा, ‘याले रिकामी फाइल देऊ नका, रुसून बसते.’ मी एकदा ‘तात्पुरतं’ नावाचं फंक्शन लिहिलं, तर गडी दुपारच्या डब्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही.

एकच फंक्शन निराळं होतं. नाव, मामा. माहिती, ‘मोठे आहेत. दुरूनच नमस्कार.’ आम्ही सगळे जंगलाकाठचे, कोणी काही विचारलं नाही.

मग पुण्याहून स्नेहल कामाला आली. तिला वाटलं, मामा म्हणजे अडीअडचणीला धावून येणारा. तिनं ‘नवा प्रवेश’च्या बटणाला मामा जोडून दिला.

दुसऱ्याच दिवशी आमच्या एडिटरवर लिहिणारे नाटककार काका जिना चढून आले. “बाई, माझा तिसरा अंक कुठी गेला?” त्यांनी ते बटण दाबलं होतं. मामानं अख्खा अंक खाल्ला होता, जपून ठेवलेल्या प्रतीसकट. शनिवारी प्रयोग, आणि तो अंक तालमीत एकदाच वाचून झालेला. काका खुर्चीतच बसले.

भाऊनं नटांना फोन लावले. ज्याला जे आठवेल ते त्यानं सांगायचं. खलनायकाचं भाषण मूळच्यापेक्षा बरंच लांब आलं. नायिकेला शेवटी आपण मरतो हे काही केल्या आठवेना. काकांनी डोक्याला हात लावला. शनिवारी नायिका जगली, आणि लोकांना नाटक भारी आवडलं.

सोमवारी स्नेहलनं तोंड उघडलं. “आम्हाला नावांवरून एवढं बोलता. मग याचं खरं नाव का नाही लिहिलं?”

भाऊनं ग्लास बाजूला सरकवला. “माय जंगलात मोहफुलं वेचायले जाते. पहाटे, एकटी. मी इथी त्याचं नाव घेऊ, अन् तिथी...”

तेव्हा तिला कळलं. आमच्याकडे जंगलात माणूस असताना वाघाचं नाव घेत नाहीत. मामा म्हणतात. नाव घेतलं की तो येतो, म्हणतात. आणि सगळं पुसणारं ते फंक्शन भाऊच्या लेखी वाघच होतं. कोणी हसलं नाही. मला तर त्या माणसाची फार माया आली.

थोड्या वेळानं भाऊनं घरी फोन केला. “माय, घरीच आहेस नं? दार लाव. मी सांगतो तवरी निघू नको.” मग दोन बोटांनी, सावकाश, काहीतरी टाइप केलं. सेव्ह केलं. पुन्हा फोन. “झालं. आता जाय.”

भाऊ आता हैदराबादला असतो, माय गावातच. आमची नवी मुलं फंक्शनला पुन्हा काम३ म्हणू लागलीत, आणि त्यांना रागावायला कोणी नाही. मामाचं नाव मात्र आता सगळं_पुसून_टाक आहे. वर एकच ओळ, ‘हा वाघ आहे.’

त्यात काही बदल करायचा असला, तर मी आधी हैदराबादला फोन लावते.

“भाऊ, माय घरी आहे का?”

“थांब, विचारून सांगतो,” तो म्हणतो. आणि मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेऊन थांबते.