माधवच्या शर्यती आणि सुमनचे रविवार

रविवारी फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घ्यायचे आणि मग तो उचलायचे. किती वर्षं झाली, हे असंच चाललं होतं. माझा धाकटा भाऊ माधव जिंतूरला भिक्षुकी करायचा आणि मुहूर्त नसलेल्या रविवारी मोटारींच्या शर्यतीत गाडी पळवायचा. वाचणाऱ्याला यातलं एक काहीतरी खोटं वाटेल, पण दोन्ही खरं आहे. शेंडी, जानवं, कपाळाला गंध, आणि वर ते डोकं झाकणारं हेल्मेट. त्यामुळं वाईट बातमी आली तर ती रविवारीच येणार, अशी मी मनाशी खूणगाठ बांधून ठेवली होती. बातमी आली बुधवारी. फोन सुमनचा, माझ्या भावजयीचा. कुणाकडं वास्तुशांत आटोपून, जेवून, माधव ओट्यावर चपला घालायला वाकला आणि तसाच खाली बसला... पुन्हा उठला नाही. मी परभणीहून पहिला प्रश्न विचारला तो हाच, "गाडीत होता का?" सुमन म्हणाली, "नाही अक्का, पंगतीतून उठले होते." डॉक्टरनं हृदयाचं कारण सांगितलं. पण माझा स्वभाव असा, की जिंतूरला पोचल्यावर रडायच्या आधी मी त्याच्या मानेवर, कपाळावर कुठं मार दिसतो का ते बघून घेतलं. काही नव्हतं. झोपल्यासारखा होता.

हा शौक त्याला लागला वाहनपूजेतून. नांदेडचे विश्वंभर काळे म्हणून एक गृहस्थ, बोअरवेल खोदणाऱ्या गाड्यांचा धंदा करणारे. त्यांच्या नव्या गाडीची पूजा सांगायला माधव गेला, आणि त्यांनी याला दक्षिणेबरोबर शर्यतही दाखवून आणली. झालं. पुढच्या उन्हाळ्यात हा एक जुनी, छोटी, पांढरी मोटार घेऊन आला. दारात उभी केली तेव्हा मी तिथंच होते. आत डोकावले तर मागची सीट नाही, गालिचा नाही, काही नाही, नुसता पत्रा. मी म्हणाले, "माधव, तुला फसवलं रे. अर्धी गाडी दिली." तो हसायला लागला. म्हणाला, "अक्का, ते मीच काढायला लावलं. वजन कमी पाहिजे." आता पैसे देऊन घेतलेल्या वस्तूतून पुन्हा पैसे देऊन सामान काढायचं, हा कुठला व्यवहार? मला तेव्हाच शंका आली. मग त्या रिकाम्या पत्र्यात त्यानं लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवून घेतला. म्हणे गाडी उलटली तर छप्पर डोक्यावर येत नाही. मी विचारलं, "दसऱ्याला सगळ्या गावाच्या ट्रॅक्टरांना लिंबू-मिरची बांधत फिरतोस, आणि स्वतःच्या गाडीला पाइप कामून?" तर म्हणतो, "लिंबू बाहेरच्या नजरेसाठी अक्का, पाइप आतल्या माणसासाठी." त्याच्याशी बोलण्यात मी कधी जिंकले नाही. लहानपणीही नाही.

खर्चाचं मात्र तो सरळ सांगायचा नाही. मी आकडा विचारला की हा मुहूर्त सांगायचा. पण बाईच्या जातीला वस्तू बघून किंमत कळते. ते हेल्मेट आलं त्या पैशात सुमनला पायानं चालवायची चांगली शिलाई मशीन आली असती. खास खुर्ची आली, माणूस मावेल एवढीच, दोन्ही बाजूंनी आवळणारी. त्या पैशात घरात चार माणसं बसतील असा दिवाण झाला असता. खांद्यावरून, कमरेवरून आणि मांडीमधून येणारे पट्टे आले. शर्यतीत उतरायची वेगळी फी, परवान्याची वेगळी, गाडी टेम्पोत घालून न्यायचं भाडं वेगळं, आणि टायर तर असे झिजायचे जसं सहाणेवर चंदनाचं खोड. मी एकदा म्हणाले, "घोडा पाळला असतास तर किमान शेण तरी मिळालं असतं." सुमन पदराआड हसली. तो पण हसला, आकडा मात्र सांगितला नाही.

सगळ्यात माझा शक होता तो त्या पोशाखावर. गळ्यापासून पायापर्यंत एकच लांब अंगरखा-विजार, निळ्या रंगाचा, आगीत लवकर न पेटणाऱ्या कापडाचा. पहिल्यांदा तो घालून आला तेव्हा ओंकार, त्याचा मुलगा, म्हणाला, "बाबा, गॅसची टाकी द्यायला चालला का?" तो पोशाख धुण्याच्या सोड्यानं, ब्रशनं घासून धुतला तर त्याचा गुण जातो म्हणे. आता घरातल्या बायकांना हे किती वेळा सांगणार? त्यानं काय करावं? देवघराबाहेर उंचावर जी काठी बांधलेली आहे, जिच्यावर सोवळं वाळत घालतात, तिथं तो पोशाख नेऊन टाकला आणि सांगितलं, हे सोवळ्यातलं आहे, कुणी हात लावायचा नाही. सोवळ्याच्या धोतराशेजारी निळी विजार लोंबते आहे, आणि सुमन बिचारी खालून पदर सावरून जाते आहे. मी म्हणाले, "हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?" तर म्हणाला, "ज्यात जीव सांभाळायचा असतो ते सोवळंच, अक्का." शास्त्री असा सोयीचा.

एकदा हट्टानं मी त्याची शर्यत बघायला गेले. पेडगावच्या पलीकडं ओळखीतल्या कुणाचं पडीक रान होतं, उन्हाळ्यात तापून दगड झालेलं. तिथं चुन्याच्या रेघा मारून, टायर मांडून वाट केलेली. मला वाटलं चार-पाच गाड्या एकदम सुटतील. सुटली एकच. धूळ एवढी उडाली की माझं नवं लुगडं पांढऱ्याचं तांबूस झालं. मी काळ्यांना विचारलं, "दुसरी गाडी कुठाय? हा कुणाला हरवायलाय?" ते म्हणाले, "घड्याळाला." मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. मी मनात म्हणाले, या एवढ्याशा वेळासाठी एवढं सगळं? पण गाडी थांबली, त्यानं हेल्मेट काढलं, शेंडी घामानं मानेला चिकटलेली, आणि तोंडावर जे काही होतं... ते मी त्याच्या मुंजीतही बघितलं नव्हतं. म्हणून त्या दिवशी गप्प बसले. एवढंच, की घरी येताना काळ्यांकडं मात्र वाकडं बघितलं. आपल्या माणसाला नाद लावणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसतो?

सुमननं या सगळ्यावर कधी भांडण केलं नाही. तिनं उपास धरला. तो शर्यतीला निघाला की ती तोंडात पाणी सोडून काही घालायची नाही. "संपलं, सुखरूप आहे" असा त्याचा फोन आला की मग ताटावर बसायची. कधी तिसऱ्या प्रहरी, कधी दिवेलागणीला. मी म्हणायचे, "अगं, चहा तरी घे." ती म्हणायची, "त्यांना पट्टे आहेत अक्का, मला काय आहे? हेच." शेवटची दोन वर्षं माधव गाडी नेत नव्हता. म्हणायचा, टेम्पोचं भाडं परवडत नाही, मित्राच्या गाडीत धावतो. आंघोळ करून काठीनं तो पोशाख काढायचा, पिशवीत घालायचा, हेल्मेट घ्यायचा आणि एसटीनं जायचा. परत आला की वळणावर गाडी कशी घसरली, चिखलात चाक कसं अडलं, सगळं हातवारे करून सांगायचा. मला तेव्हाही संशय होता. आपली गाडी दुसऱ्याला आपटायला कोण देतं? मी सुमनला म्हणालेही, "हा रविवारी नक्की जातो कुठं?" ती रागावली माझ्यावर. दोन दिवस बोलली नाही.

चौदावा झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात काळे दारात. मी अजून जिंतूरलाच होते. ओंकार पुण्याहून आलेला, रजेवर. गाडी विकत घ्यायची म्हणाले. आमच्या इथल्या भंगारवाल्यानं भाव सांगून ठेवला होता. काळ्यांनी त्याच्या कितीतरी वर सांगितला. कमी सांगणारा लबाड असतो हे मला कळतं. जास्त सांगणारा त्याहून लबाड असतो. मी तोंडावर विचारलं, "एवढे कामून देता?" ते शांतपणे म्हणाले, "गाडीचे नाही अक्का, पिंजऱ्याचे. नवीन गाडी तयार करायला जो खर्च येतो त्याच्या निम्म्यात तयार गाडी मिळते. मला फायद्याचंच आहे." हे जरा पटलं. पण इकडं ओंकारचं तोंड उतरलं. त्याला गाडी ठेवायची होती. बाबांची आठवण म्हणून नुसती नाही, चालवायची होती. रात्रंदिवस सुमनला तेवढीच धास्ती. नवरा गेला, आता पोरगा त्या पिंजऱ्यात बसणार. तिनं माझा हात धरून सांगितलं होतं, "अक्का, काहीही करा, पण ही गाडी दारातून हलवा."

काळे गाडीत वाकले, पट्टे हातात घेतले, उलटे करून बघितले आणि म्हणाले, "वहिनी, कात्री द्या." कात्रीनं ते कापेनात. मग म्हणाले विळी आणा. सुमननं भाजीची विळी आणली, आणि त्या माणसानं मागच्या अंगणात, विळीवर बसून, एकेक पट्टा गवारीसारखा कापायला घेतला. मी उठलेच. स्वतः विकत घ्यायला आलेला माल कोण कापतं? "काय करायलात हो?" ओंकारनंही हात धरला त्यांचा. त्यांनी पट्ट्याला शिवलेली चिठ्ठी त्याला दाखवली. "वाच. याची मुदत असते. संपली की धागा जोर धरत नाही. चुकून कुणी वापरू नये म्हणून कापून टाकायचं असतं." ओंकारनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "आत्या, ही दोन वर्षांमागंच संपलीय."

मी म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं हा मेलेल्या पट्ट्यांवर..." काळे म्हणाले, "नाही अक्का. गुरुजी दोन वर्षांत बसलेच नाहीत गाडीत. हे पट्टे संपले, खुर्ची बदलायला आली, हेल्मेटही जुनं झालं. सगळं एकदमच येतं बघा. म्हणाले, ओंकारचं शिक्षण होऊ द्या, मग बघू. मी म्हणालो माझी गाडी घ्या. तर म्हणाले, आपटली तर भरून द्यायची ऐपत नाही." मी विचारलं, "मग रविवारी यायचा तो?" "यायचे ना. वळणावर झेंडा घेऊन उभे राहायचे. पुढं गाडी उलटली असली की मागच्याला झेंडा दाखवायचा. उन्हात, दिवसभर. त्यांच्या वळणावर आम्ही निर्धास्त असायचो."

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल मित्र गोडच बोलणार. म्हणून मी लगेच विश्वास ठेवला नाही. पण सुमन विळीपाशी खाली बसली आणि म्हणाली, "मग माझे उपास?" कापलेला पट्टा तिनं हातात घेतला. "दोन वर्षं मी उपाशी बसायची. हे झेंडा घेऊन उभे, आणि मी इथं पाणी पिऊन. एकदा तरी म्हणायचं ना, सुमन, जेव." ती रडत होती की चिडली होती, मला सांगता यायचं नाही. दोन्ही असेल. मी खूप विचार केला, यानं असं कामून केलं असेल. मला वाटतं, सांगितलं असतं तर सुमन त्याच संध्याकाळी म्हणाली असती, मग गाडी विका. ते त्याला ऐकायचं नव्हतं. त्याला गाडी दारात हवी होती... पुढं कधीतरी म्हणून. बायकोच्या उपासावर त्यानं ती दोन वर्षं राखली. हे मला अजूनही रुचलेलं नाही. भाऊ असला तरी नाही.

ओंकार बराच वेळ गाडीतल्या त्या खुर्चीत बसून होता. मग काळ्यांना विचारायला लागला, पट्टे केवढ्याला, खुर्ची केवढ्याला, माझ्या मापाचा पोशाख केवढ्याला. ते सांगत गेले. बाप लपवायचा ते आकडे लेकानं पहिल्यांदा ऐकले. एकही आकडा त्यांनी कमी करून सांगितला नाही, आणि तिथं त्या माणसावरचा माझा निम्मा शक गेला. ओंकार उतरला, किल्ली सुमनच्या हातात दिली आणि म्हणाला, "दे त्यांना." जाताना काळे त्याला म्हणाले, "वळणावर माणूस कमी पडतो रे आता. वाटलं तर येत जा."

तो जातो आता. पुण्याहून एसटीनं येतो, झेंडा धरतो म्हणे, आणि परत जातो. गेल्या रविवारी दुपार टळल्यावर मी सुमनला फोन केला. आवाज जरा खोल गेलेला होता. मी विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून."

"अगं, आता कशाला? ओंकार तर नुसता झेंडा धरायलाय."

ती म्हणाली, "असं तो म्हणतो, अक्का. बाप झेंडा धरून गाडी चालवतो म्हणायचा. लेक काय करायलाय, कुणी बघितलंय?"

मी पोळीचा डबा उघडला होता, तो झाकून ठेवला. म्हणाले, "त्याचा फोन आला की मला सांग. मग दोघी जेवू."