आण्णांचा कॅल्क्युलेटर

शिकवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते तपासायच्या वह्यांसारखे आपोआप साचतात. कुपवाडच्या कारखान्यांतल्या कामगारांना मी डिप्लोमाचं गणित शिकवते, सकाळी सात ते नऊ, त्यांच्या ड्यूटीआधी. घरी आल्यावर मी नुसती पर्स आपटली तरी नवरा विचारतो, "आज डिग्री की रेडियन?"

*

दरवर्षी पहिला तास तोच. "साइन तीस काढा." उत्तर अर्धा, शाळेतलं. वर्गातून तीन उत्तरं येतात! एकाचं अर्धा, दुसऱ्याचं उणे शून्य पॉइंट नऊशे अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्याचं शून्य पॉइंट चारशे चोपन्न.

"स्क्रीनवर बारीक 'डी' दिसला पाहिजे, म्हणजे डिग्री. 'आर' म्हणजे रेडियन, कोन मोजायची दुसरी पद्धत, ती नको. 'जी' ही तिसरी, ती तर नकोच नको!"

"मग 'जी' दिलाय कशाला, मॅडम?"

वीस वर्षं शिकवतेय. मला तरी कुठे त्याचा उपयोग पडलाय!

*

सलीम मुलाणी, वेल्डर, कॅल्क्युलेटर विसरून आला. मी माझा कॉलेजातला जुना दिला. त्याच्यात आधी तीस दाबायचे आणि मग साइन. हल्लीच्यांत साइन आधी. दहा मिनिटं बिचारा खटखट करत बसला. मी जुनी पद्धत समजावली, तर म्हणतो, "म्हंजे तुमच्या काळात आधी लगीन, मग बघायचा कार्यक्रम!"

वर्ग पुढची पाच मिनिटं हातात नव्हता. माझा कॅल्क्युलेटर मी पर्समध्ये टाकला आणि परत कुणाला दिला नाही.

*

संतोष माण तालुक्यातला. एप्रिलच्या उन्हात ह्यानं कॅल्क्युलेटर बाइकच्या टाकीवर ठेवला. का, तर वर सोलरची पट्टी आहे, चार्जिंग होईल! स्क्रीन तव्यासारखी काळी.

"अरे, वर्गातला उजेड पुरतो त्याला! आत सेलही असतो!"

"आमच्या माणात दुसरं काय पिकतंय, मॅडम? ऊनच हाय लय. म्हटलं, वापरावं."

*

आणि आण्णा चौगुले. पन्नाशीचे, लेथ मशीनवरचे टर्नर. गणितात दोनदा नापास. डिप्लोमा नाही म्हणून सुपरवायझर होता येत नाही. ज्या दोन पोरांना त्यांनी लेथ शिकवली, त्यांनाच आता "साहेब" म्हणायची पाळी! "ह्यो शेवटचा डाव, मॅडम. न्हाई जमलं तर पुस्तकं रद्दीत."

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा होते. आण्णांनी लेथ पुजली, मापाचा व्हर्नियर पुजला आणि त्यांच्या शेजारी कॅल्क्युलेटरही! दसऱ्यानंतर तो वर्गात आला तेव्हा बटणांच्या फटीत हळदकुंकू भरलेलं. आण्णा ओल्या फडक्यानं खसाखसा पुसत होते, सगळी बटणं एकदम दाबत.

"अहो आण्णा, ही काय पूजा!"

"आवं मॅडम, जे पोटाला देतंय ते हत्यार. ह्यो तर मला पास करनार हाय!"

कपाळावर हात मारला मी. स्क्रीनवर 'डी' आहे ना, हे तपासायला सांगायचं मात्र राहिलं, ते अजून टोचतं.

*

परीक्षेला सुपरव्हिजन माझंच आलं. फिरता फिरता आण्णांच्या स्क्रीनवर नजर गेली. उणे शून्य पॉइंट नऊशे अठ्ठ्याऐंशी. वर बारीक 'आर'!

निम्मा पेपर त्रिकोणमितीचा आणि मला तोंड उघडायची बंदी. खोकले. डस्टर पाडला. पुढच्या बाकावरच्यानं उचलून दिला!

आण्णा स्क्रीनकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी कॅल्क्युलेटरला झाकण लावलं, कपाळाला टेकवला, बाकाच्या कोपऱ्यात ठेवला आणि नुसत्या पेननं पेपर सोडवायला घेतला. कोन सगळे तीस, पंचेचाळीस, साठचेच होते, किमती तोंडपाठ असणारे.

निकाल लागला. आण्णा कंदी पेढे घेऊन दारात हजर. पास!

"आण्णा, उत्तर चुकतंय हे कळलं कसं?"

"तीस वर्सं लेथवर तिरकं टेपर काढतोय, कोन मोजून, मॅडम. तीसचा साइन अर्धा. उणं कसं निघंल? जॉब भंगारात जाईल की!"

"मग द्या इकडे तो कॅल्क्युलेटर. एक बटण दाबलं की नीट होईल."

"नगं," आण्णा म्हणाले. "देव्हाऱ्यात ठेवलाय. देवाचं उत्तर बरोबर हाय का, कोन तपासतंय व्हय?"