अंगठ्यापुरती ओली माती

शोमालीच्या द्राक्षमळ्यांत मीर आगा काकांसारखी कांगिना कोणाला जमत नसे. माती आणि भुसा मळून दोन वाडगे करायचे, उन्हात वाळवायचे, एकात द्राक्षं ठेवून दुसरा वर झाकायचा आणि सांधा ओल्या मातीने लिंपायचा. थेट मार्चमधल्या नववर्षाला, नवरोजला फोडावं, तर आत द्राक्षं ताजी. सांध्यावर काका आपला अंगठा उमटवत आणि शेजारी मुलीचा, शाहपेरीचा. लग्न होऊन ती सालंगच्या डोंगरापलीकडे पुल-ए-खुम्रीला गेली, तरी दर शरदात तोडणीला माहेरी यायची. अंगठ्याचं निमित्त पुरे व्हायचं.

मग लढाईत त्या डोंगरातून जाणारा बोगदा बंद पडला. चार वर्षं ना ट्रक गेला, ना निरोप आला. काकांचा मळाही जळाला. एका मुळाला पुन्हा फूट आली, तिला पाच घड लागले. ते त्यांनी एका कांगिनेत ठेवले. मुलगी जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

बोगदा उघडला त्याच मार्चमध्ये मी ट्रकमध्ये तेलाचे डबे भरून उत्तरेला निघालो. रस्त्याच्या मधोमध हे म्हातारे काका उभे, उराशी गाठोडं. मी करकचून ब्रेक मारला.

"काका, मरायचंय का?"

"पुल-ए-खुम्रीला जायचंय. मरण वाटेत भेटलं तर बघू."

मी चिडका माणूस आहे, तरी त्यांना वर घेतलं. बाहेर बर्फाचा पांढरा उजेड, आत गाठोड्यातल्या मातीचा वास. गाडी चालतेय की डोंगरच मागे सरकतायत, कळेना. बोगद्याच्या अंधारात काका हळूच म्हणाले, "आपण वेलीच्या आतून चाललोय रे." मी हसलो नाही. मलाही तसंच वाटत होतं.

पलीकडच्या चौकीवर एका दाढीवाल्या शिपायाने अडवलं.

"काय आहे ते? सुरुंग?"

"द्राक्षं."

"मार्चमध्ये? मग मी बादशहा!"

मी ओरडेपर्यंत त्याने सांध्यात संगीन घातली.  माती तडकली, वरचा वाडगा उचलला गेला आणि त्या गोठलेल्या हवेत हिरव्या द्राक्षांचा वास पसरला. शिपायाने संगीन खाली केली.

"माझी आई करायची," तो म्हणाला. "शोमालीतच, चारीकारजवळ. आता ना आई, ना मळा."

काकांनी त्याला एक द्राक्ष दिलं. ते त्याने कितीतरी वेळ तोंडातच धरलं. मग बंदूक माझ्या ट्रकच्या आरशाला अडकवली, माझी फाटकी सीट उसवून मूठभर पेंढा काढला ("अरे, माझी सीट!") आणि रस्त्याकडेची माती बर्फाच्या पाण्यात मळायला बसला. दोघांनी मिळून सांधा लिंपला. काकांनी अंगठा उमटवला आणि शेजारी एका अंगठ्यापुरती जागा मोकळी ठेवली.

"एकच?" शिपायाने विचारलं.

"दुसरा पुढच्या गावात असेल. असला तर."

त्या शिपायाचं आज तिथेच चहाचं दुकान आहे. "दिवसाला इतके ट्रक थांबतात, बंदूक पुसायला वेळ कोणाला?" असं म्हणतो आणि माझ्याकडून मात्र पैसे घेत नाही. सीटची भरपाई म्हणे.

पुल-ए-खुम्रीत दोन गल्ल्या चुकून आम्ही एका निळ्या दारापाशी पोचलो. काकांना कडी वाजवायचा धीर होईना. मीच वाजवली, कांगिना उंबऱ्यावर ठेवली आणि परक्या घरच्या बायकांकडे बघायचं नाही या रिवाजाप्रमाणे पाठ करून उभा राहिलो. दार किलकिलं झालं.  मला राहवलं नाही, मान वळवून पाहिलं.

दाराआडून एक हात बाहेर आला होता. बोटांनी सांधा चाचपला, काकांच्या अंगठ्याची खूण सापडताच ती थबकली. वाटेतल्या थंडीत माती सुकली नव्हती. त्या हाताने शेजारी आपला अंगठा घट्ट दाबला.

"बाबा," आतून आवाज आला, "नवरोजला अजून तीन दिवस आहेत. तोवर राहायचं."