कानाले पेचकस लावणारे नत्थूभाऊ

त्या दिवशी आमच्या छपरीत पाच जन होतो. मी, माहा पोरगा दिनेश, सून कल्पना, सरपंचीन मंदाबाई, अन् केशोरीच्या बाजारात रेडिओ-मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेले नत्थूभाऊ. ज्याच्यासाठी सारे जमले होते थो माहा बुढा, माहा घरवाला, मात्र नव्हता. मागच्या पोळ्याच्या आधीच थो गेला. त्याचा आवाज तेवढा पाटावरच्या काळ्या डबीत, कम्प्युटरच्या हार्डडिस्कमधी, होता, अन् डबी चालू होऊन नव्हती राहिली.

नत्थूभाऊनं चपला काढल्या, पानी नाही घेतलं. कल्पनाले डबीची वायर लॅपटॉपले लावाले सांगतली. मंग खिशातून लांब पेचकस काढला, टोक डबीवर टेकवलं अन् लाकडी मूठ कानाले लावली. डोळे मिटले. दिनेश सांगाले लागला, "भाऊ, परवापासून ना..."

नत्थूभाऊनं हात वर केला. "पयले आयकू द्या. थे सांगून राहिली, तुमी बोलून राहिले."

हे त्याहिचं नेहमीचं होतं. मोटारपंप असो, मिक्सर असो, पयले पेचकस कानाले. आमच्या बुढ्याचा रेडिओ एकदा दिवसभर खरखर करे. नत्थूभाऊनं आयकलं अन् म्हनले, "सेट एकदम ठीक हाये. अंदर झुरळानं घर केलं. त्याले नोटीस द्या." लग्नात बँड वाजला का हे कानात कापूस घालून मांडवाच्या मागं जात. लोक हासत, नवरीचा बाप लपला म्हनत. त्याहिले काही फरक नाही पडे. म्हनत, "माहं दुकान केशोरीत नाही, माह्या कानात हाये."

त्या दिवशी बराच वेळ आयकून त्याहिनं डोळे उघडले. "मुकी हाये. करंटच पोचून नाही राहिला." भिंग लावून वायर घुसते त्या भोकात पाह्यलं. टाचणीनं खरवडलं. पांढऱ्या कागदावर लाल भुकटी पडली.

"हे कोनं केलं?"

"मी," मी म्हनलं.

दसऱ्याले आमच्या घरी विळा, कुदळ, फावडा पाटावर मांडून पुजतात. बुढ्याचा फावडा मांडला तवा त्याचा आवाज ज्याच्यात हाये थे डबीही मांडली. मंग उचलली नाही. रोज सकाळी हळद-कुंकू वाहिलं, फुलानं पानी शिंपडलं. आठ महिने.

कल्पनानं माह्याकडं पाह्यलं अन् खाली पाह्यलं. चूक तिचीही होती. मामाजीची, म्हंजे तिच्या सासऱ्याची, शुटिंग तिनं मोबाईलवर केली होती. मोबाईल भरला म्हून तिनं थे या डबीत टाकली अन् मोबाईलमधून पुसली. तिच्या भावानं लग्नाची शुटिंग ज्याच्यात देल्ली होती, थीच डबी. दुसरीकडं कुठंच नव्हतं.

नत्थूभाऊनं बारीक ब्रशनं स्पिरिट लावून भोक साफ केलं. पुन्हा वायर लावली. या वेळी पेचकस नाही लागला, आमालेही आयकू आलं. कट. कट. कट. मंग चूप. पुन्हा कट. आड्याच्या लाकडाले घुण लागते, दुपारी घर शांत असलं का आयकू येते, तसा आवाज. नत्थूभाऊनं झटक्यात वायर ओढली.

"याले थापड कोनं मारली?"

दिनेशनं मान खाली घातली. चालू नाही झाली म्हून त्यानं तळहातावर आपटली होती, टॉर्च आपटतात तशी. एकदा नाही. शेजारचे पाह्याले आले, त्याहिनं लावून पाह्यली, त्याहिनंही आपटली. मेलेल्या मानसाचं तोंड पाह्याले जसा सारा गाव येते, तसे आले होते.

"कुंकू पुसल्या जाते, दिनेश," नत्थूभाऊ म्हनले. "थापड पुसल्या नाही जात."

"मेली का गा?" मंदाबाईनं विचारलं.

"मरून नाही राहिली. खाऊन राहिली. अंदर तवा फिरते, तव्यावर सुई चालते. सुईले मार लागला. आता जेवढ्या वेळा करंट द्यान, तेवढ्या वेळा थे आपलंच लिहिलेलं खाईन."

मंदाबाई म्हने, "माहा भाचा सांगे, फ्रीजमधी ठेवा, जिवंत होते."

"सांबाराची जुडी हाये का थे मंदाबाई, ताजी राहाले?"

हासलं कोनी नाही. तीन दिवसांपासून आमच्या तलावाच्या पाळीखालतं गढूळ पानी निंघून राहिलं होतं.

हे समजावून सांगाले पायजे. आमचा तलाव जुना. वरतं पानी, मधी मातीची पाळ, अन् पाळीच्या खालतं आमचं गाव. पाळीतून पानी सोडाची मोरी असते, तिले आमी तुडुम म्हनतो. आता सिमेंटचा हाये. पयले लाकडाचा होता, ऐनाचं खोड कोरून केलेला. माह्या लग्नाच्या आधीच त्याचं तोंड मातीनं बुजवून त्याच्यावर पाळ चढवली. कुठं, थे एकट्या माह्या बुढ्याले माहीत होतं. थो पानकर होता, तलावाचं पानी वाटनारा. थो सांगे, "पाळीतून स्वच्छ पानी झिरपते तवरी भेव नाही. गढूळ आलं का समजाचं, पाळ आतून चालली." खोड सडलं का आत पोकळी होते, पानी माती घेऊन येते, अन् मंग एका पावसात पाळ बसते.

पाटबंधाऱ्याचे साहेब येऊन पाहून गेले होते. म्हने, खालतं चिखल चाळीस पावलं पसरला, वरतून काही कळत नाही. मिरगाले वीस दिवस हाये. मशीन एकदाच येईन, एकच खड्डा खांदता येईन. भलतीकडं खांदला तं पाळ आनखी कमजोर होइन. बुढ्यानं जागा शुटिंगमधी दाखवली होती. कल्पना पाळीवर त्याच्या मागं मागं फिरली होती.

नत्थूभाऊनं सारं आयकलं. म्हनले, "वहिनी, सच्ची बात सांगतो. हे नागपूरले धाडा. तिथं काचेच्या खोलीत उघडतात. माह्या दुकानात धूळ हाये. जे मले बंद करता येत नाही, थे मी उघडत नाही."

कल्पनानं फोन लावला. तिकडून म्हने, एक महिना तरी लागन. नत्थूभाऊ उठले. डबी माह्याच लुगड्याच्या फडक्यात बांधली, पोटाशी धरली. "न उघडता जेवढं देईन तेवढं घेऊ," म्हनले.

मी त्याहिच्या संगं केशोरीले गेली. दोन दिवस दुकानात बसून राहिली. त्याहिच्यापाशी एक जुना कम्प्युटर होता. डबी त्याले लावली, पंखा समोर ठेवला, अन् कोनाले टेबलाले हात नाही लावू देल्ला. पडद्यावर आकडे चालत, थांबत, कट कट होये, पुन्हा चालत. मी विचारलं, हे काय करते. म्हनले, "भांडून राहिलेल्या बाईले कसं बोलतं करता तुमी? जे सांगते थे आयकून घेता. जिथं अडली तिथं हट्ट नाही कराचा. पुढचं विचाराचं. सारं झाल्यावर मागचं एकदा विचाराचं. एकदाच." जेवले नाही. ग्राहक आले तं बोटानंच वापस धाडले. दिनेश मोटरसायकलवर येऊन सांगून जाये, आई, पानी आज आनखी गढूळ हाये.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याहिनं साऱ्याले बोलावलं. शुटिंग आली होती, तुटकी. बुढा दिसला. धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात काठी. पाळीवर चालून राहिला. मी पडद्यावरून नजर नाही काढली. दहा पावलं चालला अन् चित्र हिरवं हिरवं होऊन थांबलं. आवाज चालूच होता.

"कल्पना, पाह्य. इथं. माह्या पायाखालतं हाये थो."

चित्र नाही. हिरवे चौकोन. त्या चौकोनाच्या मागं कुठं तरी थो उभा होता अन् जागा दाखवून राहिला होता.

मंग खोकला. मंग म्हनला, "हा एक झाला. अन् दुसरा जो हाये ना, थो..."

कट. संपलं.

दुसरा कोनाले माहीत होता? आमी साऱ्याहिनं जन्मभर एकच आयकला होता. कल्पना म्हने, "मामाजी लय बोलत होते आई. मी पडद्यात पाहून राहिली होती, झाडं येते का नाही थे." अन् रडाले लागली.

नत्थूभाऊ म्हनले, पुढचं डबीनं देल्लं नाही. मागून एकदा विचारलं, तवाही देल्लं नाही. आता बस.

मी म्हनलं, "नत्थूभाऊ, अजून एकदा लावा."

"नोका सांगू वहिनी."

"मी कुंकू वाहिलं. मी म्हनून राहिली. लावा."

माह्याकडं पाह्यलं त्याहिनं. मंग लावली. पेचकस टेकवला, मूठ कानाले. कट झालं. एक बारीक चिरल्यासारखा आवाज आला, पत्र्यावर खिळा ओढला तसा. मंग काहीच नाही. अंदरचा तवाही फिरला नाही. नत्थूभाऊनं पेचकस खालतं ठेवला. "उभ्या जिंदगीत पयल्यांदा," म्हनले, "तुमचं आयकलं, मशीनचं नाही आयकलं."

त्याहिनं वायर काढली अन् डबी पुन्हा माह्या फडक्यात बांधली.

त्या दिवशी थे घरी नाही गेले. कानाले हेडफोन लावून बुढ्याचा थो तुकडा पुन्हा पुन्हा आयकत राहिले. मंग मले विचारलं, "वहिनी, मागं धप धप आवाज येते, थो काय हाये?"

मी आयकलं. "थे मी हावो. मी तलावावर गोधडी धुऊन राहिली."

"कोन्या दगडावर?"

"माहा एकच दगड हाये."

नत्थूभाऊ उठून उभे राहिले. "मंग त्या दगडापासून बुढा किती दूर उभा होता, थे हा आवाजच सांगन." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याहिनं मले थीच गोधडी घेऊन त्याच दगडावर बसवलं. "धुवा. बुढा जिवंत असताना धुत तशी." कल्पना त्याच मोबाईलवर आवाज भरत पाळीवर चाले, पाच पावलं झाली का थांबे. नत्थूभाऊ एका कानानं तिचं आयकत, दुसऱ्यानं बुढ्याचं. म्हनत, "दूर हाये. अजून जवळ. नाही, मागं." सारा गाव पाळीवर चूपचाप उभा. मी धोपटत राहिली. हात दुखले, पन थांबली नाही. माह्या मनात एकच होतं, मी आवाज चुकवला तं खड्डा चुकन.

"बस," वरतून नत्थूभाऊ बोलले. "इथं."

मशीननं तिथं खांदलं. पुरुषभर खालतं, खड्ड्याच्या कडेले, काळं खोड लागलं, आतून पोकळ, त्यातून चहासारखं पानी. नत्थूभाऊच्या जागेपासून चार पावलं चुकलं होतं, चारच. चिकन माती ठासून, थरावर थर दाबून पाळ बंद केली. खालतचं पानी स्वच्छ झालं. गावानं त्याहिले नारळ देल्लं. घेतलं नाही. म्हनले, "अर्धं काम झालं. अर्ध्या कामाचा नारळ कोन फोडते?"

त्या पावसाळ्यात दर आठवड्याले थे केशोरीहून सायकलनं येत. पाळीवर लोखंडी सब्बल रोवत, सब्बलीले पेचकस टेकवत, मूठ कानाले लावत. एक पाऊल पुढं, पुन्हा तसंच. लोक म्हनत, भाऊ, माती काय बोलन? थे म्हनत, "पानी लय मऊ बोलते. मले आता तेवढं आयकू नाही येत." डावा कान बंद झाला होता. बाईकोले सांगतलं नव्हतं, मले सांगतलं. साहेबानं सांगतलेल्या चाळीसातल्या सव्वीस पावलांचं आयकून झालं होतं. तिथं एकेक खुंटी रोवली होती.

थंडीत एका सकाळी दुकान उघडताना शटरपाशीच बसले अन् उठले नाही. तेरवीले गेली तवा त्याहिच्या बाईकोनं पेचकस माह्या हातात देल्ला. "तुमाले द्या म्हने," एवढंच म्हनली.

डबी माह्यापाशी हाये. पाटावर नाही, पत्र्याच्या पेटीत. कोनी नवीन आला का म्हनते, एकदा लावून पाहू. मी पेटीची चाबी कमरेले ठेवते.

आता मी सकाळी पाळीवर जाते. सत्ताविसाव्या पावलापासून सुरू करते. सब्बल रोवते, पेचकस कानाले लावते. मले काही समजत नाही. पन नत्थूभाऊ म्हनत, आयकनारा पायजे, समजनारा मंग येते. नंतर खालतं उतरून पानी पाह्यते. आज स्वच्छ होतं. काल जरा मळकं वाटलं. डोळेही आता बरोबर नाही माहे.

हे जो कोनी वाचन त्याले माहं एक मागनं हाये. तुमच्या घरी, नात्यात, आमच्या तलावाच्या पाळीवर कधी काम केलेलं म्हातारं मानूस असन, तं त्याले दुसऱ्या तुडुमाचं विचारा. फोनमधी आवाज भरून नोका धाडू. त्याले घेऊन या. थो पाळीवर जिथं पाय ठेवन, तिथं मी दगड रोवीन. मिरगाच्या आधी या.