दोर होता, हात मोकळा नव्हता

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी माझ्या डाव्या तळव्याला सुई टोचली आणि विचारलं, "कळलं का?" मला काहीच कळलं नव्हतं. सुई डोळ्यांनी दिसली म्हणून मी "हो" म्हणालो.

ते फसले नाहीत. "शेटजी, पॅरालिसिस हाय हा. फालिज." म्हणजे आपला अर्धांगवायू. पाय थोडाफार चालेल, हाताचं सांगता येत नाही, असं म्हणून ते माझ्या बायकोकडे वळले. "यांना पडू देऊ नका. खुबा मोडला तर पुन्हा उठायचे न्हाईत."

त्या वाक्यानं मी असा घाबरलो की आमचं गाव नेकनूर येईपर्यंत बैलगाडीत तोंडातून शब्द फुटला नाही. एरवी दुकानात माझं तोंड बंद करायला गिऱ्हाइकांना हात जोडावे लागत.

घरी आलो तर माझंच घर मला वैरी वाटू लागलं. उंबरा गुडघ्याएवढा दिसे. जमीन नुकती सारवलेली असली की खाटेवरून पाय खाली ठेवायचा धीर होत नसे. न्हाणीचा गुळगुळीत दगड नुसता पाहिला तरी घाम फुटे.

बायको मात्र पदर खोचून कामाला लागली. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी मातीचा उतार केला. सारवण माझ्या दुपारच्या झोपेत उरकू लागली, म्हणजे उठेपर्यंत जमीन वाळलेली असे. न्हाणीच्या दगडाला जात्याला लावतात तशी छिन्नीची टाकी लावून तो खरबरीत करून घेतला आणि वरच्या तुळईला जाड दोर बांधला.

"उठताना ह्यो धरा," ती म्हणाली. "दुसरं कायबी करू नका."

आम्ही लिंगायत. अंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजायचं आणि काही झालं तरी खाली पडू द्यायचं नाही. माझा डावा तळवा तर मेलेला. म्हणून मी लिंग उजव्या हातात घेऊन न्हाणीतच पूजा उरकू लागलो.

एक दिवस तसाच, लिंग मुठीत धरून उठलो आणि डाव्या पायानं दगा दिला. दोर नाकासमोर होता. तो धरायचा तर मूठ उघडायला हवी होती, आणि मूठ काही उघडली नाही. भिंतीला घासत खाली आलो. खुबा गेला, आता सगळं संपलं, एवढंच मनात आलं.

बायको धावत आली. "कावून धरला न्हाई दोर?" मी मूठ उघडून दाखवली. ती तिथंच ओल्यात बसून रडू लागली. हाड शाबूत होतं, खांदा तेवढा सोलला होता.

आमचे गुरू जंगम स्वामी, त्यांना विचारलं, पूजेत माझ्या डाव्या तळव्याला बायकोनं खालून हात दिला तर चालेल का. ते म्हणाले, "लिंगाला तुमचा आधार, तुमाला घरच्यांचा. त्यात काय बिघडलं?"

तेव्हापासून न्हाणीत मी मोकळ्या हातानं जातो. पूजा कोरड्या जागी, भिंतीला टेकून. बायको समोर बसते आणि माझ्या डाव्या तळव्याखाली आपला तळवा धरते.

ज्यांच्या घरी असं माणूस असेल त्यांनी उतार करावा, दोर बांधावा. पण पडतानाही तो काय सोडणार नाही, हे त्याला आधी विचारावं.

माझी भीती गेलेली नाही. पूजेला बसलं की तळहातावरचं लिंग थरथरतं, आणि माझा जीव वरखाली होतो. परवा नीट पाहिलं. माझा तळवा हलणार कसा, त्यात जीवच नाही. थरथरत होता तो खालचा, तिचा. पूजा संपेपर्यंत तिनं तो तसाच धरून ठेवला.